पोळी १० ची १२ केली तर गिऱ्हाईक तुटेल का?

प्रश्न थोडक्यात परत सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. भांडुप स्टेशनजवळ आईचं पोळीभाजी केंद्र आहे, पोळी १० रुपयाला, कणीक तेल गॅस सगळंच चढलंय म्हणून १२ करायचीये, आई घाबरतेय की गिऱ्हाईक समोर उघडलेल्या नव्या केंद्रात जाईल, आणि लेक टीवायबीकॉमला आहे, तिला पर्यायी वस्तू, संधी खर्च, मागणीची लवचिकता (म्हणजे भाव वाढला की मागणी किती घटते) हे सगळं पेपरात लिहिता येतं पण आईच्या गल्ल्याला ते कसं लावायचं ते कळत नाहीये. मी किराणा आणि खाद्यतेलाच्या डिस्ट्रिब्युशनमध्ये बरीच वर्षं काढलीयेत, कांजूर ते मुलुंड हा आमचा पट्टा, त्यामुळे भाव वाढल्यावर माणसं नेमकं काय करतात हे दुकानाच्या काउंटरला टेकून भरपूर बघितलंय. माझ्या मुलीच्या वयाची आहेस म्हणून अगं-तुगं करतोय, चालवून घे.

सगळ्यात आधी, "पोळीची लवचिकता किती" असा एकच आकडा शोधायचं सोड. तसा आकडा काढता येतो, पण ती सगळ्या गिऱ्हाइकांची सरासरी असते आणि आईला तिचा काडीचा उपयोग नाही. त्याऐवजी संध्याकाळी काउंटरवर उभी राहा आणि येणाऱ्या प्रत्येकाकडे बघून मनात एवढंच विचार, आज आपलं शटर बंद असतं तर हा माणूस रात्री काय जेवला असता? जे उत्तर येईल ना तो त्याचा खरा पर्याय, आणि आपला भाव त्या पर्यायाशी लढत असतो. आईचा खर्च किती वाढला याच्याशी गिऱ्हाइकाला काही देणंघेणं नसतं, कणीक महागली हे त्यालाही माहितीये, पण तो १२ रुपये काढताना कणकेचा भाव आठवत नाही, तो दुसरं काय करता येईल ते आठवतो.

आता गिऱ्हाईक एकेक घे. साडेसात-आठच्या सुमाराला स्टेशनवरून येणारी नोकरी करणारी बाई, खांद्याला पर्स, हातात भाजीची पिशवी, ही आठ-दहा पोळ्या घेते आणि भाजी बहुतेक घरीच करते, बरोबर? शटर बंद असतं तर ती घरी जाऊन कणीक मळणार, म्हणजे तिचा पर्याय वरवर बघितला तर एकदम स्वस्त आहे, दहा पोळ्यांची कणीक तेल गॅस मिळून वीस-पंचवीस रुपयांच्या वर जात नाही. तरी ती रोज १०० रुपये देते. कारण मळणं, लाटणं, भाजणं, ओटा पुसणं, परात तवा घासणं यात पाऊण तास जातो, आणि तो पाऊण तास तिच्याकडे दिवसभरात तेवढाच आहे, त्यात पोराचा अभ्यास आहे, सासूबाईंची औषधं आहेत, नाहीतर नुसतं पाय लांब करून बसणं आहे. त्या वेळेचे तिला कोणी पैसे देत नाही म्हणून तो फुकट आहे असं भलेभले धरतात, अर्थशास्त्र शिकलेलेसुद्धा. संधी खर्च म्हणजे तेच ना, एक केलं म्हणून जे दुसरं सगळ्यात चांगलं हातचं गेलं त्याची किंमत. गॅरी बेकर या अर्थतज्ज्ञाने १९६५ साली हाच मुद्दा नीट मांडला की घरातली प्रत्येक गोष्ट पैसे आणि वेळ दोन्ही मिळून बनते आणि माणूस दोन्हीचा हिशेब करतो, पुढे १९९२ ला त्याला नोबेलही मिळालं, पण हे भांडुपच्या बायकांना आधीपासून माहीत होतं. तर या बाईला दहा पोळ्यांमागे २० रुपये जास्त पडणार, आणि २० रुपयांसाठी ती पाऊण तास उभी राहील का? सोमवार ते शुक्रवार नाही राहणार. रविवारी राहील! रविवारी तिचा पाऊण तास तेवढा महाग नसतो, म्हणून बघ तुमच्याकडे रविवारी पोळी कमी खपत असणार. एकच बाई, एकच पोळी, पण वार बदलला की मागणी बदलते. मी तर म्हणतो भाव वाढवल्यावर रविवारचा खप जास्त घसरेल आणि आई तेवढंच बघून घाबरेल, तेव्हा आधीच सांगून ठेव.

दुसरे ते भाड्याच्या खोलीत तिघं-चौघं राहणारे पोरगे. त्यांच्याकडे पाव आहे, अंडं आहे, मॅगी आहे, कुकरमध्ये भात आहे आणि कोपऱ्यावर वडापाव आहे. वडापाव आणि पोळी हे तुझ्या पुस्तकात पर्यायी वस्तू म्हणून येणार नाहीत पण रात्री साडेनऊला खिशात ५० रुपये असलेल्या पोराला ते पर्यायीच आहेत. ही मंडळी पूर्ण तुटत नाहीत, ती कापतात. चार पोळ्यांच्या तीन होतील, एकाऐवजी भात होईल. म्हणजे यांचं बिल जवळपास तेवढंच राहतं, पोळ्या कमी. यांची फार काळजी करू नकोस.

तिसरे मात्र जपायचे. रिटायर्ड जोडपी, किंवा दोघं कमावते आणि घरात म्हातारी माणसं, ज्यांचं महिन्याचं बांधलेलं आहे, रोज आठ पोळ्या, महिन्याअखेर हिशेब. रोजच्या आठ म्हणजे महिन्याला २४० पोळ्या, १० ने २४०० रुपये, १२ ने २८८०. आता यांचा पर्याय कोण तर घरी येऊन पोळ्या लाटणारी मावशी. समजा मावशी २२०० मागते आणि कणीक-तेल-गॅसचे वर साडेचारशे, म्हणजे २६५०. आज तुम्ही तिच्यापेक्षा स्वस्त आहात, १२ केलेत की महाग. आणि हे गिऱ्हाईक कापाकापी करत बसत नाही. ते महिनाभर काहीच करत नाही, गुपचूप पैसे देतं, आणि एके दिवशी येऊन गोड हसून सांगतं की "वहिनी, उद्यापासून नको हं, आम्ही मावशी लावलीये." गेलं ते गेलं, २४० पोळ्या एकदम, आणि परत येत नाही कारण मावशीला काढणं म्हणजे वेगळीच डोकेदुखी. म्हणून या महिन्यावाल्यांना ११ लाव, ११ ने २६४० होतात, मावशीच्या भावाला येऊन टेकतात, आणि मावशी सुट्ट्या मारते तुम्ही मारत नाही एवढ्या फरकावर ते टिकतील. काउंटरला १२ आणि महिन्याला ११ यात फसवाफसवी काही नाही, होलसेल आणि रिटेल वेगळं असतंच.

आता समोरचं केंद्र. आईला तेच दिसतंय कारण ते डोळ्यासमोर आहे. पोळीला पोळी हा सगळ्यात जवळचा पर्याय हे खरं, पण जवळचा म्हणजे तंतोतंत तोच नव्हे. तिथे संध्याकाळी रांग किती असते बघितलंस का? दहा मिनिटं उभं राहावं लागत असेल तर त्या बाईसाठी तिथली १० ची पोळी १० ची नाहीच. त्यांच्या पोळ्या सकाळी कडक होतात का, कारण निम्म्या पोळ्या दुसऱ्या दिवशीच्या डब्यात जातात. एक दिवस घेऊन ये आणि सकाळी खाऊन बघ. तुमची मऊ राहत असेल तर दोन रुपयांचा फरक पचतो, दोन्ही सारख्याच असतील तर मात्र आई बरोबर आहे आणि घाबरायलाच पाहिजे. आणि अजून एक पर्याय हळूहळू शिरतोय, पॅकबंद चपाती. २२ सप्टेंबर २०२५ पासून पॅकबंद चपाती-रोटीवरचा जीएसटी ५ टक्क्यांवरून शून्य झाला आणि पराठ्यावरचा तर १८ वरून शून्य. आज ती चव आपल्याकडच्या लोकांना फारशी पटत नाही, पण फ्रिजमध्ये पडून राहते आणि रात्री अकरालाही हाताशी असते, तुमचं शटर तेव्हा खाली असतं.

आता थोडं गणित, एवढंच करायचंय. समजा एका पोळीमागे सगळा खर्च, कणीक तेल गॅस लाटणाऱ्या बाईची मजुरी कागद पिशवी धरून, ६ रुपये येतो. १० ला विकली तर ४ सुटतात, १२ ला विकली तर ६. रोज ३०० पोळ्या जात असतील तर आज १२०० सुटतात. १२ रुपये भावाने तेच १२०० सुटायला २०० पोळ्या पुरतात. म्हणजे एक तृतीयांश खप पडला तरी तुम्ही होतात तिथेच आहात, आणि १०० पोळ्या कमी लाटल्यात. खर्च ६ च्या जागी ७ असेल तर आज ३ सुटतात, उद्या ५, म्हणजे १८० पोळ्यांनाच बरोबरी. जितका फायदा आज कमी तितकी भाववाढ सोसायची ताकद जास्त, हे ऐकायला उलटं वाटतं पण करून बघ. यात एक खोच आहे. जो पोळीसाठी येतो तो अर्धा किलो भाजी, कधी चटणी, कधी ताकही नेतो, आणि भाजीत पोळीपेक्षा जास्त सुटतं हे मी सांगायला नको. पोळीवाला तुटला की त्याची भाजीही तुटली. म्हणून ती एक-तृतीयांशची लक्ष्मणरेषा भाजी नेणाऱ्यांच्या बाबतीत बरीच अलीकडे आणून ठेव, आणि कोण फक्त पोळी नेतं आणि कोण दोन्ही नेतं हे आठवडाभर वहीत लिही. हे आधी कर, भाव नंतर.

पर्याय किती जवळचा हे वस्तूवर नसून ती कशासाठी लागते यावर असतं, आणि ते मी सगळ्यात चांगलं बघितलं ते २०२२ ला. फेब्रुवारीत युक्रेनचं युद्ध सुरू झालं, आपल्याकडचं सूर्यफूल तेल मुख्यतः तिथून आणि रशियातून यायचं, ते अडकलं, आणि आपण खाद्यतेल निम्म्याहून जास्त बाहेरून आणतो त्यामुळे लगेच बोंब. त्यात २८ एप्रिलला इंडोनेशियाने पामतेलाची निर्यातच बंद केली, २३ मे ला परत उघडली, पण मधले दिवस म्हणजे रोज नवीन भाव. तेव्हा एका दुकानात मी ऑर्डर लिहून घेत उभा होतो आणि एक काकू आल्या, सनफ्लावरचा पाऊच मागितला, भाव ऐकला आणि पाऊच हातात धरून तशाच उभ्या. दुकानदार म्हणाला, "काकू सोयाबीन न्या ना, काय कळतंय भाजीत." काकूंनी पाऊच उलटा करून मागचं वाचल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, "तळणाला सोयाबीन दे दोन, आणि हे एकच दे, फोडणीला पुरवते महिनाभर." बघ, पुस्तकातला ग्राहक सूर्यफूल सोडून सोयाबीनकडे जातो. काकू सूर्यफूल सोडत नाहीत, त्या स्वयंपाकाचे दोन भाग पाडतात आणि जिथे पर्याय चालतो तिथेच बदलतात. आणि दुकानदाराने सोयाबीनच का पुढे केलं, पाम का नाही? त्या आठवड्यात सोयाबीनवर दहा पेटीला एक पेटी फुकट अशी स्कीम होती, आमचीच. पर्याय गिऱ्हाईक शोधतं असं आपण म्हणतो, पण किराण्यात निम्मे पर्याय दुकानदार सुचवतो आणि तो स्वतःचं मार्जिन बघून सुचवतो.

त्याच काळात शेंगदाणा तेलवाले मात्र हलले नाहीत. जी घरं उपासाला शेंगदाणा तेल सोडून दुसरं काही चालवत नाहीत त्यांना सोयाबीनचा भाव सांगून काय उपयोग. साबुदाण्याची खिचडी आणि सोयाबीन तेल हे त्यांच्या लेखी एकत्र येऊच शकत नाही, म्हणजे पर्याय शून्य, म्हणजे भाव वाढला तरी खप तेवढाच, फारतर खिचडीत तेल चमचाभर कमी. २०२३ च्या जुलैत टोमॅटो शंभरच्या वर गेला तेव्हा घरोघरी आमटीत कोकम आणि चिंच परत आली, पण पावभाजीवाल्याला कोकम चालत नाही, तो भाव वाढवणार किंवा रंग-मसाल्याने वेळ मारून नेणार. २०१९ च्या डिसेंबरात कांदा शंभरीपार गेला तेव्हा भजी आणि ऑम्लेटवाल्यांनी कोबी घातला, घरच्या वाटणात कोबी घालून दाखव बघू कोणी.

यातून तुझ्या आईला काय, तर पोळीच्या आधी भाकरीकडे बघ. तुमच्याकडे ज्वारीची तांदळाची भाकरी असेलच. पोळी निदान अर्ध्या घरांत कोणाला तरी लाटता येते. भाकरी थापता येणारी पिढी आता साठीच्या पुढे गेली, नवख्याची भाकरी फुटते, फुगत नाही, आणि ज्वारी खा म्हणून डॉक्टरने सांगितलेला डायबेटिसवाला माणूस भाकरीऐवजी पाव खाऊ शकत नाही. त्याचा पर्याय म्हणजे जवळजवळ काहीच नाही. भाकरी २० ची २५ केलीत तर तो तोंड वाकडं करेल आणि घेईल. पुरणपोळीचं तेच, संकष्टीच्या उकडीच्या मोदकांचं तर विचारूच नको. मी असतो तर आधी भाकरी आणि मोदक वाढवले असते, पोळी दोन महिने तशीच ठेवली असती. समोरचं केंद्र नवीन आहे, लोक भाव बघायला जाताहेत, अशा वेळी ज्या वस्तूवरून तुलना होते तिला हात लावू नये.

वेळ हीच किंमत हे अजून पटत नसेल तर रोजचा प्रवास बघ, आपल्या मुंबईएवढी मोठी प्रयोगशाळा कुठे मिळायची नाही. जुलै २०१९ मध्ये बेस्टने किमान भाडं ८ चं ५ केलं, एसीला ६, आणि शेअर रिक्षाच्या रांगा एकदम आखडल्या, बसला गर्दी. मग ९ मे २०२५ पासून तेच भाडं ५ चं १० आणि एसीचं ६ चं १२ झालं, सरळ दुप्पट. आता कोण तुटलं आणि कोण नाही? दोन-तीन स्टॉपवाला तुटला, कारण त्याचा पर्याय पाय. १० रुपयाला चालतच जाऊ म्हणतो. ज्याला शेअर रिक्षात अजून थोडे पैसे टाकून दहा मिनिटं आधी पोचता येतं तो पण तुटला, कारण बससाठी थांबण्याचा वेळ आधीपासूनच त्याच्या किमतीत होता, वरचे ५ रुपये म्हणजे फक्त निमित्त. पण ज्याला टोकापासून टोकाला जायचंय आणि रिक्षाला दीडशे पडतात तो कुठे जाणार? तो बसमध्येच आहे, फक्त वैतागलेला. आणि आईच्या केंद्रात असे "फक्त वैतागलेले" पुष्कळ असतील, ते बोलून जास्त दाखवतात पण जात नाहीत, आणि मावशी लावणारे बोलत नाहीत आणि जातात. तक्रारीवरून भाव ठरवू नये तो यासाठी.

एसी लोकलचं पण असंच, ५ मे २०२२ पासून सुट्टं तिकीट जवळपास निम्म्यावर आणलं, किमान ६५ चं ३० झालं, आणि रिकामे जाणारे डबे भरायला लागले. पण ज्याच्याकडे सेकंड क्लासचा पास आहे त्याला अजून एक फेरी मारायला शून्य रुपये पडतात, त्याची तुलना ६५ शी नव्हती आणि ३० शी पण नाही, शून्याशी आहे. तो फक्त मे महिन्यात हलतो, जेव्हा घामाची किंमत वाढते. तुमच्याकडे महिन्याचे पैसे आगाऊ भरलेले कोणी असतील तर ते तुमचे पासवाले, त्यांना समोरची पोळी फुकट दिली तरच तुलना सुरू होते.

आणि ज्यांना वाटतं वेळ वाचला की लोक पैसे टाकणारच त्यांनी अटल सेतू बघावा. १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालं, २१.८ किलोमीटर, शिवडीहून समुद्रावरून नवी मुंबईकडे वीस मिनिटांत, पण कारला एका फेरीचे २५० रुपये. त्यावर १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोलच माफ झाला, वाशी धरून. म्हणजे सेतूचा भाव एक रुपयाने बदलला नाही, पर्याय मात्र ४५ रुपयांनी स्वस्त झाला. एअरपोर्ट गाठायचाय त्याला फरक पडत नाही, रविवारी पनवेलला मेहुण्याकडे जेवायला जाणारा वाशीवरूनच जातो. तेच तुमच्याबाबतीत, तुम्ही भाव न वाढवताही समोरच्याने ९ केले तर तुम्ही महागलातच.

आता पहिल्या आठवड्याचा आकडा बघून खूश किंवा दुःखी होऊ नकोस. पर्याय शोधायला माणसाला वेळ लागतो, आणि जितका वेळ मिळेल तितकी मागणी जास्त लवचिक होत जाते. पेट्रोल मुंबईत २९ मे २०२१ ला शंभरी पार गेलं, त्या दिवशी कोणी गाडी विकली नाही, पंपावर शिव्या देऊन टाकी भरली. परिणाम पुढे दिसला, पुढची गाडी घेताना लोकांनी सीएनजी बघितली, कोणी इलेक्ट्रिक स्कूटर बघितली. मावशी पण एका दिवसात मिळत नाही, बिल्डिंगमध्ये विचारावं लागतं, वेळ जमवावी लागते. म्हणून भाव वाढवल्यावर पहिले पंधरा दिवस खप टिकला तर पेढे वाटू नका, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्याचा बघा.

प्रश्नात शेवटी तू घरपोचचं विचारलंयस, ३० रुपये डिलिव्हरी लावली तर काय होईल. इथे एक मजेदार गोष्ट आहे, अल्चियन आणि अ‍ॅलन या दोन अर्थतज्ज्ञांनी १९६४ ला दाखवलेली, आणि आंब्याच्या सीझनमध्ये मी दरवर्षी बघतो. समजा चांगला हापूस डझनाला १२०० आणि साधा ६००, म्हणजे चांगला दुप्पट महाग. आता कोणाला पुण्याला पाठवायचाय आणि कुरिअर २००. तर चांगला पडतो १४०० आणि साधा ८००, म्हणजे चांगला आता पावणेदोनपटच महाग. सारखाच खर्च दोन्हींवर बसला की चांगली वस्तू तुलनेने स्वस्त होते. म्हणून पाठवायची वेळ आली की माणूस म्हणतो एवढे कुरिअरला घालतोय तर आंबा तरी चांगला घाल. तुमच्याकडे ३० रुपये डिलिव्हरी लावलीत की चार पोळ्या मागवणारा गायब होईल, पण जो मागवेल तो भरली वांगी, पुरणपोळी, मोठी ऑर्डर असं मागवेल. तेव्हा डिलिव्हरीच्या मेन्यूत साधी बटाट्याची भाजी वर लिहू नका, स्पेशल वर लिहा. डिलिव्हरी फुकट ठेवून पोळी महाग केलीत तर नेमकं उलटं होईल, दोन पोळ्यांसाठी चौथ्या मजल्यावर पोराला पळवाल.

अजून एक, हे तू विचारलं नाहीस पण लिहितो. "जागा आपलीच आहे म्हणून परवडतं" असं आई म्हणते असं तू लिहिलंयस. स्टेशनजवळची तळमजल्यावरची खोली, तिला मोबाईल रिपेअरवाला आनंदाने भाडं देईल, ते भाडं तुम्ही रोज सोडताय. आईचे पहाटे साडेपाच ते रात्री साडेनऊ, त्याचा पगार वर समजलेल्या ६ रुपयांच्या खर्चात धरलेला नाही, लाटणाऱ्या बाईची मजुरी धरलीय फक्त. हे दोन्ही धरून बघ एकदा, बहुतेक खर्च ६ च्या जागी ८ च्या आसपास येईल आणि मग १२ हा भाव वाढवलेला वाटणार नाही, उशिरा लावलेला वाटेल. मात्र हा हिशेब घरात दाखवायचा, गिऱ्हाइकाला नाही, त्याचं उत्तर वर दिलंच आहे.

तर करायचं कसं. आधी आठवडाभर वही, मग भाकरी आणि स्पेशल, मग पोळी काउंटरला १२, महिन्याला ११. पूर्वी १० वरून १२ करताना सुट्ट्यांची भीती असायची, दोन रुपयांपायी गिऱ्हाईक आणि गल्ला दोघांची कटकट, लोक म्हणून १० वरून सरळ १५ ला उडी मारायचे आणि आपटायचे. आता यूपीआयमुळे १२ काय आणि ११ काय, तेवढं एक सोपं झालंय. फक्त महिना नीट निवड. गणपतीच्या आधी आठ दिवस अजिबात भाव बदलू नका, अर्ध भांडुप कोकणात जातं, खप आपोआप आपटतो आणि आई म्हणेल बघ मी सांगत होते. मे महिन्याचंही तेच, सुट्टीला गावी. श्रावणात उपास आणि शाकाहार दोन्ही वाढतात, भाजी उचलते, पोळीचा आकडा फसवा येतो. जून अर्धा सरला, शाळा सुरू झाल्या, डबे सुरू झाले की तो खरा सरळ महिना, तेव्हा लाव पाटी. पाटीवर नुसता भाव लिही, कणीक महागल्यामुळे वगैरे काही नको.